गाडी गरम, गाडीवान गार

आपल्याकडे गाडी तापायला लागली की मिस्त्री पहिलं काम करतो ते थर्मोस्टॅट काढून फेकायचं. "आपल्या हवेत त्याची गरजच नाही," असं म्हणत तो पितळी तुकडा नटबोल्टच्या डब्यात टाकतो, झाकण परत बसवतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पुणे, नगर, सोलापूर, सगळीकडे मी हे इतक्या वेळा पाहिलंय, की थर्मोस्टॅट ही कारखान्यातून चुकून गाडीत राहिलेली वस्तू असावी अशी माझीही समजूत झाली होती. ती समजूत मिनेसोटातल्या एका जानेवारीने उतरवली.

इथे मी तिसरा मालक म्हणून एक जुनी पिकअप घेतली. १९९४ सालची फोर्ड एफ-१५०, ४.९ लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर एका ओळीत. या इंजिनाचं घनफळ तीनशे घनइंच, म्हणून इथली शेतकरी मंडळी त्याला नुसतं 'तीनशे' म्हणतात. १९६५ ते १९९६ अशी एकतीस वर्षं ते बनत होतं आणि त्याच्या चिवटपणाच्या गोष्टी इथे बैलाच्या गोष्टींसारख्या सांगतात. रस्त्यावरच्या मिठाने माझ्या गाडीचा पत्रा खाल्ला होता, इंजिन मात्र ठणठणीत. फक्त हीटर कुणीतरी लांबून फुंकर मारावी तसा चालायचा. बाहेर उणे वीस, आत मी कानटोपी आणि हातमोजे घालून स्टिअरिंगला लटकलेला, आणि समोरच्या काचेवर माझाच श्वास गोठतोय.

मी पहिली चूक केली ती सगळेच करतात. वारा कमी वाटतोय म्हणजे पंखा गेला असणार, असं ठरवून नवा ब्लोअर आणून बसवला. आता गार वारा जास्त जोरात यायला लागला.

चूक अशी होती, की मी हीटरला स्वतंत्र यंत्र समजत होतो. घरात खोली गरम करणारा हीटर असतो तसं काहीतरी डॅशबोर्डाच्या आत असेल आणि ते बिघडलं असेल, असा माझा हिशेब. प्रत्यक्षात पेट्रोलच्या गाडीत उष्णता निर्माण करणारा वेगळा हीटर नसतोच. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा चाकाला मिळते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते आणि उरलेली इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरते. ते पाणी रेडिएटरमध्ये जाऊन उष्णता रस्त्यावर उधळतं. त्यातलंच थोडं पाणी बाजूच्या दोन नळ्यांतून डॅशबोर्डाच्या आत फिरवून आणायचं, तिथे वहीएवढा छोटा रेडिएटर ठेवायचा आणि त्याच्यावरून वारा सोडायचा, एवढाच हा कारभार. त्या छोट्या रेडिएटरला हीटर कोअर म्हणतात. नीट चालला तर तो घरातल्या दोन-तीन गिझरांइतकी उष्णता देतो, आणि ती सगळी फुकटची, एरवी वाया जाणारी. हीटर गार आहे याचा अर्थ इंजिनाच्या पाण्याच्या फेऱ्यात कुठेतरी काहीतरी बिघडलंय, किंवा वाऱ्याच्या वाटेत. तिसरी शक्यता नाही.

ही युक्ती सुचायलाही वेळ लागला. शिकागोच्या मार्गारेट विल्कॉक्स या बाईंना १८९३ साली 'कार हीटर'चं पेटंट मिळालं, त्यावरून मोटारीचा हीटर त्यांनी शोधला असं सर्रास लिहिलं जातं. पण त्या काळी 'कार' म्हणजे रेल्वेचा डबा. सुरुवातीच्या मोटारींत लोक तापवलेल्या विटा पायाशी ठेवायचे, पुढे धुराच्या नळीभोवती पत्रा गुंडाळून तिथली ऊब आत घ्यायचे, आणि तिच्याबरोबर कधीकधी धूरही. बाहेरची ताजी हवा गरम पाण्याच्या कोअरवरून आत घेण्याची पद्धत नॅश कंपनीने १९३८ मध्ये आणली. आजच्या गाड्यांत मूळ बेत तोच आहे.

तर दुरुस्तीची सुरुवात डॅशबोर्डापासून नाही, बॉनेटखालून करायची. आणि त्याच्याही आधी, सीटवर बसूनच एक प्रश्न स्वतःला विचारायचा: वारा कधी गरम येतो आणि कधी गार? या एका प्रश्नात अर्धं निदान आहे. सिग्नलला उभं असताना बरी ऊब आहे, पण हायवेला लागलं की वारा गार पडतो, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय, कारण वेगात रेडिएटरवर आदळणारी गार हवा इंजिनाला तापूच देत नाही. उलट, पळताना गरम आणि थांबलं की गार असेल, तर पाणी कमी आहे, कुठेतरी हवा अडकलीय किंवा पंपाची पाती झिजलीत. इंजिन जोरात फिरतं तेव्हाच पंप कसंबसं पाणी हीटरपर्यंत पोचवतो. आणि कधीच, कुठेच गरम येत नसेल, तर पुढचं वाचा.

पाण्याची पातळी पाहायची, पण इंजिन पूर्ण गार असताना. गरम रेडिएटरचं झाकण उघडून चेहरा भाजून घेतलेले लोक आपल्याकडेही कमी नाहीत. झाकण दाब धरून ठेवतं म्हणूनच शंभर अंशांच्या वर गेलेलं पाणी आत शांत असतं, झाकण निघालं की ते क्षणात उकळतं. बाहेरच्या प्लॅस्टिकच्या डब्यात पाणी दिसतंय एवढ्यावर समाधान मानू नये. त्या डब्यापासून रेडिएटरपर्यंतची बारीक नळी तुंबली किंवा झाकणाचं रबर गेलं, तर डबा भरलेला आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असंही होतं. डॅशबोर्डातली शाखा बऱ्याचदा उंचावर असते, त्यामुळे पाणी कमी झालं की सर्वांत आधी उपाशी राहतो तो हीटर. इंजिन तापायच्या कितीतरी आधी तो गार पडून इशारा देतो. बऱ्याच लोकांचा 'हीटर' दीड-दोन लिटर कूलंट घातल्यावर दुरुस्त होतो, मग ते पाणी कुठे जातंय हा प्रश्न उरतो तो वेगळा.

कूलंटबद्दल इथेच सांगून टाकतो. नुसतं पाणी चालणार नाही हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, कारण पाणी गोठलं की फुगतं आणि लोखंडी इंजिन फोडतं. पण 'जास्त थंडी, मग जास्त कूलंट' हा हिशेबही उलटा पडतो. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल उणे तेराच्या आसपासच गोठतं. त्यात निम्मं पाणी मिसळलं की मिश्रण उणे सदतीसपर्यंत टिकतं, आणि ग्लायकॉल साठ टक्के केलं तर उणे पन्नासच्या आसपास जातं. १९९६ च्या फेब्रुवारीत मिनेसोटातल्या टॉवर या गावी उणे एक्कावन्न अंशांची नोंद झाली, तो या राज्यातला विक्रम आहे. माझी पिकअप तेव्हा दोन वर्षांची होती, त्या रात्री ती कुठे उभी होती कोण जाणे. शिवाय ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहत नाही. म्हणजे त्याचं प्रमाण हौसेने वाढवणारा माणूस गोठण्यापासूनचं संरक्षणही गमावतो आणि हीटरही मंद करून घेतो.

आता या सगळ्या निदानाचा गाभा: दोन नळ्या. इंजिन आणि प्रवाशांची बैठक यांच्यामध्ये जो पत्रा असतो, ज्याला फायरवॉल म्हणतात, त्याच्यातून बोटभर जाडीच्या दोन रबरी नळ्या आत जातात. एकीतून गरम पाणी कोअरमध्ये जातं, दुसरीतून परत येतं. गाडी वीस मिनिटं चालवून आणायची, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवायचा, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडायचं आणि पट्टा नि पंखा सांभाळून या दोन्ही नळ्यांना हात लावायचा. पैसे लागत नाहीत, हत्यार लागत नाही.

दोन्ही नळ्या चटका बसण्याइतक्या गरम असतील, तर पाणी आपलं काम करतंय. दोष आत, वाऱ्याच्या वाटेत आहे. दोन्ही नुसत्या कोमट असतील, तर मुळात इंजिनच तापत नाहीये, थर्मोस्टॅट पाहा. एक गरम आणि एक गार असेल, तर कोअर तुंबलाय. दोन्ही गार असतील, तर पाणी तिथे पोचतच नाहीये: पातळी, हवा, पंप, किंवा नळीवर हीटरची झडप असेल तर ती बंद अडकलेली. काही गाड्यांत या दोन नळ्या फायरवॉलपर्यंत जातच नाहीत, इंजिनाजवळच एकमेकींना जोडलेल्या सापडतात. गळका कोअर बदलायचा खर्च वाचवायला मालकाने त्याला फेऱ्यातूनच वगळलेलं असतं. जुनी गाडी उन्हाळ्यात विकत घेणाऱ्याने हे जरूर पाहावं.

हाताऐवजी लांबून तापमान दाखवणारा थर्मामीटर वापरला तर आकडे मिळतात. तो रबरावर धरा, चकचकीत धातूवर नको. चकाकणारी ॲल्युमिनियमची नळी स्वतःची उष्णता फारशी बाहेर फेकत नाही, त्यामुळे तिथे आकडा फसवा, खराहून कितीतरी कमी येतो. धडधाकट गाडीत आत जाणारी नळी ऐंशीच्या पुढे आणि परतणारी तिच्याहून दहा-पंधरा अंशांनी खाली असते. माझ्या गाडीत आत जाणारी बासष्ट होती आणि परतणारी चोवीस. दोन आकडे आणि दोन वेगवेगळे आजार: इंजिनही पुरेसं तापत नव्हतं आणि कोअरही तुंबला होता. एकाच रोगावर इलाज करून थांबलो असतो तर 'थर्मोस्टॅट बदलला तरी काही फरक नाही' असं म्हणत कपाळाला हात लावून बसलो असतो.

थर्मोस्टॅटचं काम समजून घेण्यासारखं आहे, कारण तो फार हुशार नसूनही चोख वागतो. आत मेणाची एक छोटी डबी असते. मेण ठरावीक तापमानाला वितळतं, फुगतं, दांडी ढकलतं आणि झडप उघडते. गार झालं की स्प्रिंग तिला बंद करते. वीज नाही, संगणक नाही. ही मेणाची डबी १९३६ साली सर्जियस व्हर्नेट यांनी शोधली. माझ्या 'तीनशे' इंजिनाची झडप नव्वद अंशांच्या आसपास उघडायला हवी, तोवर पाणी रेडिएटरकडे जाताच कामा नये. ती उघडी अडकली, की बाहेर उणे वीस असताना इंजिन दिवसभर रेडिएटरमधून गारठत राहतं. नगरच्या मिस्त्रीने हाताने जे केलं असतं तेच इथे गंजाने केलं होतं.

खात्री करायला सकाळी गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या जाड नळीवर हात ठेवावा. थर्मोस्टॅट बरा असेल तर ती बराच वेळ गारच राहते आणि मग एकदम, काही सेकंदांत, तापते. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेली तर झडप बंद होत नाही. काढलेला थर्मोस्टॅट पाण्यात उकळून झडप केव्हा उघडते हे पाहता येतं. मात्र भांडं स्वयंपाकातलं नको, कूलंट विष आहे.

आणि हा फक्त उबेचा प्रश्न नाही. इंजिन गार राहिलं की गाडीच्या मेंदूला ते अजून तापायचंय असं वाटतं आणि तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. सिलिंडर जास्त झिजतो, तेलात पाणी साचून चिकट गाळ होतो. १९९६ पासून अमेरिकेत विकलेल्या गाड्या असं झालं की दिवा लावून सांगू शकतात. माझी दोन वर्षं आधीची, ती मुकाट्याने पेट्रोल पीत होती. आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही, हे वाक्य मला म्हणूनच आता पटत नाही. महाबळेश्वरच्या घाटात तापणारी गाडी बहुधा तुंबलेल्या रेडिएटरमुळे तापते. थर्मोस्टॅट काढला की काटा खाली येतो आणि आजार झाकला जातो, एवढंच.

कोअर का तुंबला, ही गोष्ट जास्त मजेदार आहे. आपल्याकडे ट्रक ड्रायव्हरची एक जुनी युक्ती आहे: रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची. पूड भोकाशी जाऊन साचते, फुगते आणि गळती थांबते, निदान पुढच्या गावापर्यंत. मला ही खास देशी अक्कल वाटायची. इथे कळलं की अमेरिकेत गळती थांबवण्याच्या ज्या गोळ्या मिळतात, त्यांतल्या काहींत चक्क आल्याची पूड असते. हळद आणि आलं एकाच कुळातली, दोन खंडांतल्या मिस्त्रींना एकाच कुळातलं मूळ सापडावं, याचं मला फार कौतुक वाटलं. पण पुडीला भोक कुठलं आणि कोअरची बारीक नळी कुठली, हे कळत नाही. आधीच्या कुणा मालकाने सढळ हाताने गोळ्या टाकल्या होत्या, आणि वर्षानुवर्षांच्या गंजाशी मिळून त्यांचा लगदा हीटरमध्ये बसला होता.

तो काढायचा उपाय म्हणजे उलटं धुणं. दोन्ही नळ्या फायरवॉलपाशी सोडायच्या आणि ज्या तोंडातून पाणी एरवी बाहेर येतं त्यातून आत पाणी सोडायचं, म्हणजे अडकलेला कचरा आल्या वाटेने परत निघतो. जुनी नळी चिकटून बसलेली असते, तिला पिरगाळून ओढू नका. कोअरची तोंडं पातळ असतात आणि एक मुरगळलं की पाचशे रुपयांचं काम पन्नास हजारांवर जातं. त्यापेक्षा नळी उभी चिरून सोलावी आणि नवी घालावी. पाण्याचा दाब बेताचाच ठेवायचा, बागेचा नळ पूर्ण सोडला तर कोअर फुटू शकतो. माझी अडचण वेगळीच होती: मिनेसोटात थंडी सुरू झाली की बाहेरचे नळ बंद करून रिकामे करतात, नाहीतर भिंतीतले पाईप फुटतात. त्यामुळे तळघरातल्या कपडे धुण्याच्या सिंकपासून गॅरेजपर्यंत पाईप ओढला आणि बायकोने हा सगळा प्रकार जिन्यावर उभं राहून पाहिला. आधी काही आलं नाही, मग थेंब, मग सुंठेच्या काढ्यासारखं तपकिरी पाणी. आलटून पालटून दोन्ही दिशांनी अर्धा तास धुतल्यावर धार स्वच्छ झाली.

धुऊनही सुटला नाही तर कोअर बदलावा लागतो, आणि इथे गाडीगाडीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या पिढीच्या फोर्डमध्ये समोरचा खण काढला की मागे प्लॅस्टिकचं झाकण असतं. थोडे स्क्रू काढले, की कोअर हातात येतो. तासाभराचं काम. त्याच काळातल्या कित्येक पिकअपमध्ये तोच भाग काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि गॅरेजचं मजुरीचं बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतं. कोअर गळतोय हे ओळखायला मात्र काही उघडावं लागत नाही: आत गोडसर वास येतो, काचेच्या आतून पुसली न जाणारी तेलकट वाफ बसते आणि शेजारच्या सीटखालचा गालिचा ओला लागतो.

वाऱ्याच्या बाजूचे दोष मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे डोळ्याला दिसतं ते बहुधा खरं असतं. नळ्या गरम असून वारा गार असेल, तर तापमानाचं बटण फिरवताना आतली झडप हलतेय का ते ऐका. या जुन्या गाड्यांत ती सायकलच्या ब्रेकसारख्या तारेने हलते आणि तार सुटलेली किंवा झडपेचा फोम झडलेला असू शकतो. पंखा फक्त सर्वांत जोरात चालत असेल, तर पंखा बरा आहे, त्याचा रेझिस्टर जळलाय. वाऱ्यासाठी फिल्टर नसलेल्या या गाड्यांत काचेखालच्या जाळीतून पानं आत जातात आणि कोअरपुढे त्यांची गादी तयार होते, उंदीर त्यात घरही करतात. चढावर जोर दिला की वारा पायाकडून आपोआप काचेकडे वळत असेल, तर व्हॅक्यूमची नळी चिरलीय. यात एक शहाणपण दडलेलं आहे: वाऱ्याच्या दिशेच्या झडपा इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतात आणि व्हॅक्यूम गेला तर स्प्रिंग त्यांना काचेकडे नेते. पाय गारठले तर चालेल, पण रस्ता दिसला पाहिजे.

सगळं जोडून झाल्यावर आत अडकलेली हवा काढायला गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करायची, इंजिन गार असतानाच झाकण काढून ठेवायचं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन सुरू करायचं आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत बुडबुडे येऊ देत कूलंट भरत राहायचं. बुडबुडे संपतच नसतील, तर हेड गॅस्केट फुटून धूर पाण्यात शिरतोय, आणि तो वेगळ्या लेखाचा, वेगळ्या बजेटचा विषय आहे. नवा थर्मोस्टॅट बसवताना मेणाच्या डबीची बाजू इंजिनाकडे हवी. उलटा बसवला तर गाडी तापून उकळते, आणि मग तो काढून फेकायचा मोह परत होतो.

माझ्या गाडीत आता वारा साठ अंशांचा येतो. कानटोपी अजूनही सीटवर असते, कारण पहिली दहा मिनिटं कुठल्याच हीटरकडे द्यायला काही नसतं. इंजिन नुसतं उभ्या जागी चालू ठेवून ती दहा मिनिटं कमी होत नाहीत, कारण रिकामं फिरणारं इंजिन फारशी उष्णताच करत नाही. मिनिटभराने हळू चालवत निघालं तर ऊब लवकर येते.

एक विनंती. धुतलेलं पाणी आणि जुनं कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशानेही मरतात. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून त्यावर नाव लिहा, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि जुनं तेल-कूलंट गोळा करणाऱ्या केंद्रावर नेऊन द्या.